समज देऊन सोडलं

दोन वर्षांपूर्वी बारावीतली एक मुलगी प्रॅक्टिकल संपल्यावर लॅबमध्येच रेंगाळली. बाकीच्या मुली गेल्यावर म्हणाली, "मॅडम, स्टँडपर्यंत तुमच्याबरोबर येऊ का?" उन्हाळा सुरू झाला होता, तरी स्कार्फ गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला. मी फार काही विचारलं नाही, स्कार्फ सैल कर म्हटलं एवढंच. गळ्यावर बोटांचे वण होते.

मुलगा वीसचा. वर्षभर दोघं एकत्र होते. आधी दर तासाला फोन, मग कुठे आहेस ते व्हिडिओ कॉल करून दाखव, मग इन्स्टाचा पासवर्ड. ती चुलतभावाच्या गाडीवर बसून आली म्हणून पहिली थप्पड. दिवाळीत तिने संबंध तोडले, तेव्हापासून तो रोज स्टँडवर. फोटो सगळ्यांना पाठवीन, तुला संपवीन, स्वतःलाही संपवीन. घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल, ही तिची सगळ्यात मोठी भीती. त्याच्यापेक्षाही मोठी.

शेवटी तिच्या आईला विश्वासात घेतलं आणि आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार सुरुवातीला नीट ऐकत होते, लिहूनही घेत होते. मग त्यांनी विचारलं, "याला ओळखते का ही? किती दिवसांचं आहे?" मुलगी म्हणाली, "वर्षभर." त्यांनी पेन खाली ठेवलं.

ते पेन माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. त्यानंतरचं सगळं बोलणं आईशी झालं, मुलीशी नाही. "ताई, प्रेमप्रकरण आहे हे. केस केली तर पोरीचं नाव होईल. आम्ही त्याला बोलावून दम देतो." संध्याकाळी त्याला बोलावलं. समज दिली. सोडलं. आमच्या अर्जाची पोचसुद्धा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर होता. आता त्याला हेही कळलं होतं की ती पोलिसांकडे गेली तरी काही होत नाही.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मुलगी आधी त्या मुलाबरोबर होती, हे कळल्यावर पोलिसांची काळजी वाढायला हवी. आपल्याकडे ती तिथेच संपते. अनोळखी मुलाने पाठलाग केला तर तो गुन्हा, ओळखीच्याने केला तर ते भांडण. पण तिचं घर, क्लासची वेळ, मैत्रिणींचे नंबर, ती कशाला घाबरते, हे सगळं ओळखीच्यालाच माहीत असतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ १९ वर्षांची एक मुलगी २०१६ साली जुन्या मित्राविरुद्ध सहा महिन्यांत पाच वेळा पोलिसांकडे गेली. त्याच्याशी आपले संबंध होते हे तिने आधी सांगितलं नाही, म्हणून पोलिसांचा वेळ वाया घालवल्याबद्दल तिलाच ९० पौंड दंड झाला. पुढे त्याने किल्ली चोरली आणि ती झोपलेली असताना तिच्या खोलीत शिरला. तरीही त्याच्यापासूनचा धोका पोलिसांच्या लेखी कमीच राहिला. ऑगस्टमध्ये त्याने तिचा जीव घेतला. पोलिसांनी तिच्याबद्दल आधीच मत बनवून टाकलं होतं, असं न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना बोलून दाखवलं. ती का लपवत होती, हे तिला आधी कुणी विचारलं असतं तर?

आणि आपल्या वसईच्या श्रद्धा वालकरचं पत्र. ती अल्पवयीन नव्हती, पंचविशीची होती, पण ते पत्र प्रत्येक पोलीस ठाण्यात भिंतीवर लावावं असं मला वाटतं. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिसांना लिहून दिलं होतं की माझा जोडीदार सहा महिन्यांपासून मारतोय, आज गुदमरवून मारायचा प्रयत्न केला, तुकडे करून फेकून देईन म्हणतोय. महिन्याभरात तिने तक्रार नाही म्हणून लिहून दिलं आणि प्रकरण बंद झालं. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, खरंच तुकडे करून फेकले गेले, ते सगळ्या देशाला माहीत आहे. "तिनेच तक्रार मागे घेतली" हे वाक्य तेव्हा कितीतरी जणांच्या तोंडी ऐकलं. मार खाणारी बाई तक्रार मागे घेते, यात नवल काय आहे? ती त्याच घरात परत जात होती. त्या दिवशी कुणी तिला एकटीला बसवून विचारलं का, की बाई, मागे का घेतेस, त्याने काही म्हटलं का?

गळ्याबद्दल थोडं थांबून बोलते, कारण हे मलाही आधी माहीत नव्हतं. थप्पड आणि गळा दाबणं या एकाच माळेतल्या गोष्टी नाहीत. जोडीदाराने एकदा गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असं अमेरिकेतल्या संशोधकांना २००८ मध्ये दिसलं. तिथल्या जॅकलिन कॅम्पबेल मूळच्या परिचारिका. अशा बायकांना विचारायच्या प्रश्नांची यादी त्यांनी १९८५ मध्येच तयार केली. गळा दाबला का, मारून टाकीन म्हणतो का, शस्त्र आहे का, पाळत ठेवतो का, आत्महत्येची धमकी देतो का. पाच-दहा मिनिटांचं काम. आमच्या मुलीच्या बाबतीत यातल्या चार प्रश्नांची उत्तरं 'हो' होती. एकही विचारला गेला नाही. वण बघितले, पण वैद्यकीय तपासणीला पाठवलं नाही.

कायदा नाही असं नाही. पाठलागाचा गुन्हा २०१३ मध्ये आला, आता तो भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी नोंदवायचाच. मुलगी अठराच्या आत असेल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, ११व्या कलमात लैंगिक हेतूने सतत पाठलाग करणं, सतत संपर्क साधणं येतं. पण २०१३ मध्येच आणखी एक तरतूद आली होती. स्त्रियांवरच्या काही गुन्ह्यांची माहिती नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षा. त्या यादीत बलात्कार आहे, ॲसिड हल्ला आहे, विनयभंग आहे. पाठलाग नाही! नव्या संहितेच्या कलम १९९ मध्येही तो घातला नाही. ज्या गुन्ह्यातून पुढचे सगळे गुन्हे उगवतात, नेमका तोच बाहेर ठेवला.

पोक्सोची दुसरी बाजूही आहे आणि ती अवघड आहे. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही. त्यामुळे संबंध शारीरिक असतील तर मुलगी फक्त "याला थांबवा" म्हणायला आली तरी ते प्रकरण थेट बलात्काराचं होतं. त्याला दहा वर्षं तुरुंगात टाकायला ती आलेली नसते. हे मुलींना माहीत असतं, म्हणून त्या अर्धंच सांगतात. ते अर्धं सांगणं मग खोटं ठरवलं जातं. पोलिसही पुढचं सगळं टाळायला दम देऊन मोकळे होतात. मधला रस्ता कुणी दाखवतच नाही. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेता येतं, ठाण्यातल्या भाषेत चॅप्टर केस. लेखी नोटीस देता येते. राजकीय कार्यकर्त्यांना निवडणुकीच्या आधी शेकड्याने नोटिसा जातात, मग स्टँडवरच्या या मुलाला एक का जात नाही?

अठराच्या आतल्या मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता, असं पोक्सोचं २४वं कलम सांगतं. आमच्या मुलीने सगळं सांगितलं ते काउंटरपाशी उभं राहून, मागे पासपोर्टच्या पडताळणीला आलेली माणसं असताना.

पोलिसांवर किती ताण असतो ते मला दिसतं. त्याच ठाण्यातल्या एका महिला हवालदार बाहेर आमच्या मागून आल्या आणि स्वतःचा नंबर मुलीला दिला. पुढचे तीन महिने त्या आठवड्याला एक फोन करत होत्या, बंदोबस्तावर असल्या तरी. मुलगी परीक्षेला बसली ती त्या फोनच्या जोरावर. पण ते त्यांच्या ड्युटीत धरलेलं नव्हतं, त्यांची बदली झाली आणि फोन थांबले.

२०२३ च्या जूनमध्ये पुण्यात सदाशिव पेठेत भर सकाळी एका मुलीमागे ओळखीचाच मुलगा कोयता घेऊन धावला. दोन तरुणांनी जिवावर उदार होऊन तिला वाचवलं. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण जवळच्या पेरूगेट चौकीत त्या वेळी कुणी नव्हतं, त्यावरून पोलीस निलंबित झाले, आणि चर्चा तिथेच अडकली. तो मुलगा कोयत्यापर्यंत येण्याआधी काय काय करत होता आणि ते कुठल्या कागदावर होतं का, हे मला विचारायचं आहे.

आमची मुलगी आता दुसऱ्या शहरात मामाकडे शिकते. सगळे म्हणतात, चला, सुटली. गाव तिने सोडलं, मैत्रिणी तिने सोडल्या, हवं ते कॉलेज तिने सोडलं. तो इथेच आहे.

गेल्या आठवड्यात अकरावीतल्या एका मुलीच्या हातातला फोन दहा मिनिटांत सहा वेळा वाजला. तिने व्हिडिओ सुरू करून वर्ग दाखवला, फळा दाखवला, मला दाखवलं. स्क्रीनवर तोच होता.

पाठलागाच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि जामीन हक्काने मिळत नाही. पण त्यासाठी पहिली वेळ कागदावर असावी लागते. याच्या नावावर काहीच नाही. ही मुलगी उद्या तिथे गेली तर अंमलदार तिलाही विचारतील, "याआधी कुणाची तक्रार आहे का त्याच्याबद्दल?"

म्हणून सोमवारी मी त्या ठाण्यात परत जाणार आहे. दोन वर्षांपूर्वीच्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे, तारीख आहे, त्या दिवशी वणांचे काढलेले फोटो आहेत. पहिल्या मुलीला फोन करून विचारलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, माझं नाव द्या. लागलं तर मी येते." पोच मिळेपर्यंत मी तिथल्या बाकावर बसून राहीन. कुणाला सोबत यायचं असेल तर सकाळी अकराला या.