‘बायका जास्त आहेत’ म्हणे! पण कोणत्या वयाच्या?

बहुपत्नीत्वावर वाद निघाला की एक मजकूर हमखास पुढे केला जातो. त्याचा गोषवारा असा: जगात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त आहेत, म्हणून एकाने दोन-तीन लग्नं करणं निसर्गालाच मान्य आहे, लढायांत पुरुष मेले की मुलगे जास्त जन्मतात आणि तूट भरून निघते, हे प्रमाण आपोआप सावरतं, त्याची चिंता नको.

पहिलं विधान लगेच निकालात निघतं. आजच्या जगात पुरुषच किंचित जास्त आहेत, साधारण 100 बायकांमागे 101. रशियात बायका बऱ्याच जास्त आहेत, हे खरं. पण मग कतारचं काय? बाहेरून आलेल्या कामगारांमुळे तिथे दर चार रहिवाशांत जवळपास तीन पुरुष आहेत. सोयीचा देश उचलला की काहीही सिद्ध होतं.

खरी गोम वयात आहे. लिंगनिवड न करता होणाऱ्या जन्मांत 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे असतात. मात्र जवळजवळ प्रत्येक वयात पुरुषांचा मृत्युदर जास्त असतो. तान्हेपणी मुलगे अधिक नाजूक असतात. तरुणपणी अपघात आणि मारामाऱ्या, पुढे दारू, तंबाखू, हृदयविकार. मुलग्यांची आघाडी अशी झिजत जाते, पन्नाशीच्या आसपास संपते, आणि मग बायकांची संख्या वरचढ होते. ऐंशी ओलांडलेल्यांत दहापैकी सहा बायका, शंभरी गाठलेल्यांत पाचांत जवळपास चार. दुसऱ्या लग्नाची वकिली करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर या आजीबाई नसाव्यात! रशियातही तेच: पुरुष लवकर जातात म्हणून एकूण आकडा बायकांकडे झुकतो, विशीतल्या पिढीत मात्र मुलगेच जास्त.

आता लग्नाच्या वयाचा हिशेब मांडून पाहा. 105 तरुण, 100 तरुणी. एकास एक धरलं तर पाच जण बिनलग्नाचे राहतात. पण त्या 105 पैकी दहांनी दोन-दोन बायका केल्या, तर उरले 95 पुरुष आणि 80 बायका. आता पंधरा जण राहिले. म्हणजे ज्या आकडेवारीचा आधार घेतला, तीच उलट साक्ष देते. गंमत म्हणजे जॉन आर्बथनॉट या डॉक्टरने 1710 मध्ये लंडनच्या 82 वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या, दर वर्षी मुलगेच जास्त निघाले, आणि त्यावरून त्याने बहुपत्नीत्व निसर्गाच्या विरुद्ध असल्याचं ठरवलं. मला तोही निष्कर्ष पटत नाही. कुणी किती लग्नं करावीत, हे शिरगणतीने ठरत नसतं.

युद्धाच्या मुद्द्यात मात्र तथ्याचा कण आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळात लढणाऱ्या काही देशांत जन्मणाऱ्या मुलग्यांचं प्रमाण खरोखर वाढलं होतं. किती? 100 मुलींमागे एखाद-दुसरा मुलगा जास्त. कारणावर अजून एकमत नाही. याने तूट भरते का, ते सोव्हिएत संघात दिसलं: युद्ध संपून चौदा वर्षं झाल्यावर, 1959 च्या जनगणनेत, पुरुषांपेक्षा बायका दोन कोटींहून अधिक होत्या. आणि आज जन्मलेलं बाळ विशीत मेलेल्या माणसाची जागा घेणार तरी कशी?

राहिलं ते आपोआप सावरणं. या कल्पनेमागे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा 1930 मधला युक्तिवाद अर्धवट ऐकलेला असतो: जे लिंग दुर्मिळ, त्याच्या वाट्याला सरासरीने जास्त संतती येते, म्हणून त्या लिंगाची अपत्यं जास्त होण्याकडे ज्यांचा आनुवंशिक कल असतो, त्यांचा वंश फोफावतो. यात समाजाकडे बघून कुणी मोजदाद करत नाही, आणि हे चालतं ते अनेक पिढ्यांच्या ओघात. सोनोग्राफी त्याची वाट पाहत बसत नाही. दक्षिण कोरियात 1990 मध्ये 100 मुलींमागे 116 मुलगे जन्मले. जन्मक्रमाने पाहिलं तर पहिल्या अपत्यात प्रमाण नैसर्गिकच्या जवळपास. पण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिसऱ्या अपत्यात मुलगे मुलींच्या जवळजवळ दुप्पट. गर्भाशयाला हा कितवा जन्म ते ठाऊक असून त्याने मुलगे वाढवले, असं कुणी म्हणणार नाही. आधी मुली झालेल्या घरांनी निवड केली होती. 2007 च्या सुमारास तिथलं प्रमाण पुन्हा 106 वर आलं. लिंगनिदानावर बंदी होती, शिक्षण आणि शहरीकरण वाढलं, मुलींना नोकऱ्या मिळू लागल्या, म्हातारपणी मुलग्यावरच भिस्त ठेवण्याची गरज कमी झाली. 1990 च्या सुमारास जन्मलेले जादाचे मुलगे मात्र आता तिशीत आहेत.