कोळसा, ऊन आणि रात्रीची दारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऊर्जासंक्रमणावरील, म्हणजे कोळशाकडून उन्हासारख्या स्वच्छ स्रोतांकडे वळण्यावरील, माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. ‘देशातील निम्मी वीज आता स्वच्छ झाली’ हे माझे वाक्य दिशाभूल करणारे आहे, हा पहिला. सूर्य मावळल्यावरच विजेची खरी गरज सुरू होते, तेव्हा कोळशाला पर्याय नाही, हा दुसरा. आणि चंद्रपूरच्या औष्णिक (कोळशावरच्या) वीज केंद्रातील कामगाराचे पोट सौर पॅनेल भरणार नाहीत, म्हणून हे सारे शहरी हौसेचे बोलणे आहे, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. 2025 च्या मध्यावर देशाच्या स्थापित क्षमतेत, म्हणजे सारे प्रकल्प पूर्ण ताकदीने चालले तर जेवढी वीज देऊ शकतील त्यात, बिगर-जीवाश्म (कोळसा, वायू, तेल सोडून इतर) स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला, आणि मी ‘क्षमता’ या शब्दाच्या जागी ‘वीज’ लिहून मोकळा झालो. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण 15 ते 16 लाख युनिट देतो. एक मेगावॉट औष्णिक क्षमता वर्षभर सरासरी 65 टक्के भारावर चालली, तर सुमारे 57 लाख. त्यामुळे क्षमता निम्मी असूनही प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. शिवाय त्या निम्म्यात मोठी धरणे आणि अणुऊर्जाही धरलेली आहे. मूळ लेखातील वाक्य मी दुरुस्त केले आहे.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण ‘खरी गरज’ रात्रीचीच असते हे आपण गृहीत धरले आहे. महाराष्ट्रात विजेचा फार मोठा वाटा कृषिपंप वापरतात, आणि ते कधी चालायचे हे पिकाने नव्हे, भारनियमनाच्या वेळापत्रकाने ठरवलेले आहे. माझे मामा जुन्नर तालुक्यात शेती करतात. रब्बीत त्यांची रात्रपाळीची वीज आली, की गव्हाला दारे धरायला, म्हणजे पाटाचे पाणी एकेका वाफ्यात वळवायला, ते मध्यरात्री निघतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे, पायात गमबूट, आणि मागून उसातल्या बिबट्याला ऐकू जावे म्हणून मोबाइलवर मोठ्याने लावलेले भजन. लाईट येताच स्टार्टरला जोडलेल्या ‘ऑटो’मुळे (वीज येताच मोटार आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रामुळे) शिवारातील साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि तो झटका डीपीला (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला) सोसावा लागतो. मागच्या हंगामात डीपी जळाली, ती बदलून मिळेपर्यंत दहा दिवस गेले, आणि ओंबीत आलेला गहू सुकला. ही मागणी रात्रीची आहे कारण दिवसा वीज पुरत नव्हती. गव्हाला अंधारच लागतो असे नाही.

2017 मध्ये सुरू झालेली आणि 2023 मध्ये दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला महत्त्वाची वाटते ती याच कारणाने. उपकेंद्राजवळच काही मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला (उपकेंद्रातून शेतपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला) दिवसा द्यायची, असे तिचे साधे रूप आहे. साठवणुकीचा प्रश्न तिथे बॅटरीने नव्हे, पंपाची वेळ बदलून सुटतो, आणि युनिटचा दरही तीन रुपयांच्या आसपास राहतो.

सायंकाळी सात वाजताचा भार तरीही उरतोच, हे आपले म्हणणे रास्त आहे. त्यासाठी आपल्याकडे कोयनेचा जलविद्युत प्रकल्प आहे : 1,960 मेगावॉट क्षमता, काही मिनिटांत सुरू होणारी. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली असल्याने ते जपूनच वापरावे लागते. दिवसाचा भार उन्हाने उचलला, तर तेच पाणी सायंकाळसाठी अधिक उरेल. घाटघरच्या 250 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाची (पाणी वरच्या तलावात चढवून गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करणाऱ्या प्रकल्पाची) कल्पना रात्रीच्या शिलकी विजेवर पाणी वर चढवण्याची होती, आता ते काम दुपारच्या उन्हावर करता येईल. कोळशावर आपण टाकलेला भरवसाही थोडा तपासून पाहावा : 2015 च्या दुष्काळात परळीच्या औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले, आणि अडले होते ते पाण्यासाठी.

एवढ्याने औष्णिक संच उद्या बंद होतील असे मी म्हणत नाही. ते कमी भारावर चालवणे, सायंकाळी झपाट्याने वाढवणे, यात यंत्रांची झीज आहे आणि खर्चही आहे.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. चंद्रपूरचे केंद्र 2,920 मेगावॉटचे आहे, आणि सौर प्रकल्पाला उभारणीनंतर रखवालदार, काचा धुणारे आणि मोजके तंत्रज्ञ एवढेच लोक लागतात. कायम कामगारांची बदली होईल. ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरातील कंत्राटी मजूर, कोळशाचे ट्रकवाले आणि फाटकाबाहेरची चहाची टपरी यांची बदली कुठे होणार? मात्र त्याच कामगाराच्या ओट्यावर रोज सकाळी बसणारी राख हीदेखील त्याच्या मजुरीच्या हिशेबात धरायला हवी, आणि ती आपल्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

आपण न घेतलेला एक आक्षेप मीच घेतो. वर सांगितलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन देणाऱ्या खासगी मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. जिथे गायरानावर (गावाच्या सामाईक चराऊ जमिनीवर) पॅनेल उभे राहतात, तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे भाडेही नसते. पुढचा लेख मी त्याच विषयावर लिहीत आहे. चंद्रपूर भागातील आपला अनुभव त्यात घ्यायला मला आवडेल.