'कंट्रोलर म्हणजे एचआयडीच, लायब्ररी हवी कशाला?'

हौशी गेम प्रोग्रामरांमध्ये एक सल्ला फार फिरतो: "कंट्रोलर म्हणजे यूएसबी एचआयडी उपकरण. सरळ बाइट वाचा, बटण 0 म्हणजे खालचं बटण. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीकडे तोच कोड चालेल. एसडीएलचं लोढणं नको."

(एचआयडी म्हणजे कीबोर्ड, माउससारख्या इनपुट उपकरणांसाठीचं ठरलेलं प्रमाण; एसडीएल म्हणजे कंट्रोलर वगैरे सांभाळणारी गेम लायब्ररी.) मुळात प्रत्येक कंट्रोलर एचआयडी नसतो. एक्सबॉक्स 360चा वायरवाला कंट्रोलर यूएसबीवर एचआयडीऐवजी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा उपकरण-वर्ग सांगतो. विंडोजमध्ये तो एचआयडी दिसतो ती ड्रायव्हरची कृपा, आणि तिथेही दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर कोंबलेले. दोन्ही सारखे दाबले की अक्ष मध्यावरच, म्हणजे काहीच दाबलं नसल्यासारखा! लिनक्सवर एक्सपॅड ड्रायव्हर त्याला इव्हडेव्हमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सर्वसाधारण इनपुट यंत्रणेत, आणतो. एचआयडीरॉमध्ये (एचआयडीचे कच्चे बाइट मिळतात तिथे) शोधत बसाल तर सापडणार नाही.

बरं, खरा एचआयडी घेऊ: प्लेस्टेशन 4चा ड्युअलशॉक 4. यूएसबीवर डाव्या स्टिकचा आडवा अक्ष रिपोर्टच्या (कंट्रोलर एका वेळी पाठवतो त्या बाइटसंचाच्या) बाइट 1 मध्ये येतो. ब्लूटूथवर हा कंट्रोलर आधी छोटा रिपोर्ट पाठवतो, आणि पूर्ण रिपोर्ट सुरू झाला की तोच अक्ष बाइट 3 वर सरकतो. केबल काढली की तुमचा पार्सर, म्हणजे बाइटांचा अर्थ लावणारा कोड, झोपला.

'बटण 0'चंही तेच. याच कंट्रोलरचं बटण 0 विंडोजच्या डायरेक्टइनपुट या जुन्या इनपुट इंटरफेसमध्ये चौकोन असतं, आजच्या लिनक्समध्ये फुली. एचआयडी प्रमाण फक्त 'इतकी बटणं आहेत' एवढं सांगतं. कुठलं कुठे बसवलंय, ते नाही. ही माहिती कुणीतरी कंट्रोलरगणिक गोळा करावीच लागते, आणि एसडीएलच्या मॅपिंग यादीत ती आयती मिळते. एसडीएल 3 तर बटणांना दिशांवरून ओळखतं, त्यामुळे निन्टेंडोची उलटी ए-बी जोडीही आडवी येत नाही.

डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळची दुर्लक्ष करायची हालचाल, मात्र तुमचा तुम्हीच लावायचा. एक्सइनपुटने (एक्सबॉक्स कंट्रोलरसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या इंटरफेसने) डाव्या स्टिकसाठी सुचवलेला आकडा 7849 आहे, 32767 पैकी. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. मला तो जास्त वाटतो.

एकच कंट्रोलर, एकच मशीन, घरगुती अवजार असेल तर एचआयडीएपीआय (एचआयडी उपकरणं थेट वाचणारी छोटी लायब्ररी) खुशाल वापरा. एसडीएलबद्दल एक तक्रार रास्त आहे: खिडकी मागे गेली की ते मुकाट्याने इनपुट थांबवतं. पार्श्वभूमीत चालणारं अवजार लिहीत असाल तर एसडीएलची बॅकग्राउंड इव्हेंट्सची हिंट (सेटिंग) सुरुवातीलाच 1 करा.