मुरत घातलेली होडी

जुनी शिडाची होडी घ्यायला गेलेला नवशिका शिडाकडे बघतो, डोलकाठीकडे बघतो आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेल्या नावाकडे तर डोळे भरून बघतो. मी म्हणतो, खिशात टोचा घेऊन जा. चेहऱ्यावर मुलगी बघायला आलेल्या वरमाईचा भाव ठेवा. टोचा फळीत दोन-तीन मिलिमीटर जाऊन अडला, तर लाकूड ठणठणीत. मुठीपर्यंत गेला, तर चहा संपवून ‘कळवतो’ म्हणायचं आणि उठायचं.

टोचायचं कुठे? सगळे खाली वाकून बुडाला टोचतात. पण खाऱ्या पाण्याने लाकूड फारसं कुजत नाही. कुजवतो आपला पाऊस. काठाच्या फळीखाली, नाळेच्या कोपऱ्यात, जिथे गोडं पाणी साचतं आणि वारा लागत नाही, तिथे बुरशी संसार थाटते. बुडाचा वैरी वेगळा. समुद्रातली कीड टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून शिरते आणि आत करंगळीएवढे बोगदे खणते. बाहेरून फळी अगदी सालस. हातोडीने ठोकून ऐकायचं. बद्द आवाज आला की समजायचं.

मग सगळं उचकटायची हुक्की येते. इथे माझा आवाज चढतो. सगळ्या फळ्या एकदम काढल्या तर होडी स्वतःचा आकार विसरते. एका वेळी एकच काढा, आणि जुनी जाळू नका, नवीचा साचा तीच. कण्याखाली टोकापासून टोकापर्यंत ओंडके हवेत, नाहीतर दोन्ही टोकं लोंबतात आणि होडीचा उंट होतो. नवी फळी वाफेवर वाकवायची, जाडीच्या दर इंचाला १ तास. पेटीतून काढल्यावर ती जेमतेम मिनिटभर ऐकते. नेमक्या त्याच मिनिटात क्लॅम्प सापडत नाहीत.

लोखंडी खिळे गंजून फुगतात आणि फळी फाडतात. ‘स्टेनलेस घ्या, काही होत नाही,’ असं दुकानदार सांगेल. होतं. ओल्या लाकडात हवा मिळत नाही, म्हणून ते आतल्या आत पोखरलं जातं आणि बाहेर डोकं मात्र नवऱ्या मुलासारखं चकाकत राहतं. तांब्याचे घ्या, पण सगळेच तांब्याचे. तांबं आणि लोखंड शेजारी आले की खाऱ्या पाण्यात दोघांची बॅटरी होते आणि लोखंड बिचारं विरघळतं. खिळ्यांचा फारच वैताग आला तर गोव्यात बांधलेलं, २०२५ मध्ये नौदलात आलेलं ‘कौंडिण्य’ जहाज आठवावं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. नुसतं आठवावं. पहिल्याच होडीला सुई-दोरा लावू नये.

खरी परीक्षा फटी बुजवताना. वर्षभर उन्हात पडलेली होडी इतकी उकलते की आत बसून पेपर वाचावा. नवशिका घाबरतो आणि त्या फटींत कापूस ठोकून ठोकून भरतो. कोणी कोणी तर एपॉक्सी, म्हणजे कडक होणारा गोंद, ओततात. (सागात तेल असतं. ॲसिटोनने पुसल्याशिवाय एपॉक्सी त्याला नीट धरतसुद्धा नाही.) पण पाण्यात गेल्यावर लाकूड फुगणार, आणि फुगायला जागा नसेल तर फळी शेजारणीला ढकलणार. मग खिळे उपसतात, आतली बरगडी मोडते. कापूस हलक्या हाताने, वळ देऊन बसवावा आणि वरून लुकण, म्हणजे पुट्टी. सांध बाहेरून उघडी आणि आतून मिटलेली हवी, नाहीतर ठोकलेला कापूस पलीकडे होडीतच पडतो.

पाण्यात घालण्याआधी आठवडाभर ओली पोती पांघरावीत, रोज खारं पाणी मारावं. तरीही पहिल्या दिवशी होडी गळणारच. म्हणून ती खाडीत उथळ जागी दोरीने बांधावी, बुडाली तरी चिखलावर टेकेल अशी. पाणी आत येऊ द्यावं. बादली हाताशी असावी. दोन-तीन दिवसांत धारेचा पाझर होतो.

तोवर जेटीवरून जाणारा प्रत्येक जण विचारेल, “बुडाली काय हो?”

“नाही, मुरत घातलीय.”