मीठ सोडल्याने मूठ सुटत नाही

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला मायोटोनिया, म्हणजे आकसलेला स्नायू लवकर सैल न होण्याचा विकार, आहे. एसटीत दांडा घट्ट धरला की त्याची मूठ लवकर सुटत नाही आणि मागचे प्रवासी खेकसतात. त्याला मेक्सिलेटिन सुरू होताच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश आला: 'हे औषध सोडियम अडवते, त्यापेक्षा मीठच सोडा, शिवाय हे हृदयाचे औषध आहे, त्याने स्नायू लुळे पडतात.' त्या दिवसापासून पोराच्या ताटात अळणी आमटी वाढली जाते आहे, म्हणून हे उत्तर.

मिठाचा मुद्दा जितका हास्यास्पद तितकाच घातक आहे. रक्तातील सोडियम दर लिटरला साधारण १३५ ते १४५ मिलिमोल राहील हे मूत्रपिंडे पाहतात. आहारातले मीठ कमी केल्याने ते सहसा हलत नाही, आणि फार खाली गेलेच तर ग्लानी येते, झटके येतात, मूठ मात्र सुटत नाही. मायोटोनियाच्या जन्मजात प्रकारात मूळ दोष बहुधा क्लोराइड चॅनेलमध्ये, म्हणजे स्नायुतंतूच्या पटलातून क्लोराइड ये-जा करण्याच्या वाटेत, असतो. मिठात क्लोराइडही असते, तेव्हा संदेशकर्त्याच्याच तर्काने मीठ वाढवायला हवे होते!

औषध सोडियम कमी करत नाही. स्नायुतंतूच्या पटलावरील सोडियम चॅनेल मज्जातंतूचा इशारा मिळाल्यावर क्षणभर उघडते आणि लगेच निष्क्रिय होते. मायोटोनियात मात्र इशारा थांबल्यावरही तंतू स्वतःहून पुन्हापुन्हा उद्दीपित होत राहतो. मेक्सिलेटिन विश्रांतीतल्या चॅनेलपेक्षा उघडलेल्या किंवा निष्क्रिय चॅनेलला अधिक घट्ट चिकटते, त्यामुळे अतिउद्दीपित तंतूलाच मुख्यतः लगाम बसतो. स्नायू लुळे पाडायला फुगू माशाचे विष लागते. ते चॅनेलचे तोंड बाहेरूनच बुजवते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१२ साली आलेल्या चाचणीत ५९ रुग्णांना २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिल्यावर प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली गोळीच्या) तुलनेत ताठरपणा स्पष्टपणे घटला आणि मुख्य तक्रार पोटाची राहिली. चाचणी चारच आठवड्यांच्या टप्प्यांची होती, हेही खरे.

हृदयाचा मुद्दा मात्र, नाइलाजाने, अर्धा मान्य करावा लागतो. हे औषध मुळात हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीच वापरात आले, हृदयातही याच कुळातले चॅनेल असते, आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत फ्लेकेनाइड व एन्केनाइड या सोडियम चॅनेल रोखणाऱ्या औषधांनी मृत्यू वाढल्याचे १९८९ मध्ये दिसले होते. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढतात. तो न काढताच कोणी ती लिहून देत असेल, तर वाद तिथे घालावा.