गाडी माझी, जाहिरात त्याची

काल संध्याकाळी स्टिकरवाल्याकडून व्हॅन ताब्यात घेतली तेव्हा अंधार पडला होता. दोन्ही बाजू बघितल्या, बोनेट बघितलं, अक्षरं एका रेषेत आहेत ना ते बघितलं, कुठे हवेचा फुगा राहिलाय का म्हणून हात फिरवून बघितला. पैसे दिले, वर आभारसुद्धा मानले. आज सकाळी मागचं दार उघडायला गेले, तर माझ्या फोन नंबरच्या बरोबर खाली पिवळ्याधमक अक्षरांत, लाल किनार देऊन, त्याच्या दुकानाचं नाव. त्याखाली त्याचा मोबाइल नंबर. आणि त्याखाली ‘सर्व प्रकारची स्टिकर व रेडियमची कामे केली जातील’.

माझ्या गाडीवर. मी पैसे मोजून करून घेतलेल्या कामावर. मला एका शब्दाने न विचारता.

ती जागा तिथे मोकळी कशी राहिली, ते आधी सांगते, कारण खरी आग तिथेच आहे. मागच्या दारावर मला तीन ओळी हव्या होत्या. फ्रीज आणि वॉशिंग मशीन दुरुस्ती, फोन नंबर, आणि सगळ्यात खाली ‘प्रत्येक कामाची लेखी हमी’. ती तिसरी ओळ माझ्या जिवाची होती. आमच्या धंद्यात माणूस येतो, मशीन उघडतो, पैसे घेतो आणि आठवड्याने फोन उचलत नाही, हे सगळ्यांनी भोगलेलं आहे. आम्ही कागदावर सही करून हमी देतो आणि ती पाळतो. तेच मला गाडीवर लिहायचं होतं.

तर यानेच मला समजावलं. “ताई, मागे गर्दी करू नका. मागून येणाऱ्याला वाचायला तीन-चार सेकंद मिळतात. एक इंचाचं अक्षर दहा फुटांवरून नीट वाचता येतं, सगळा हिशोब त्याच्यावर चालतो. तिसरी ओळ टाकली तर नंबर बारीक करावा लागेल. खाली जागा मोकळी सोडा, त्यानेच नंबर उठून दिसतो.” मला पटलं. अजूनही पटतं, कारण तो बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. मनावर दगड ठेवून मी माझी ओळ काढायला सांगितली.

आणि त्या मोकळ्या जागेत हा स्वतः जाऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा! मग त्या तीन-चार सेकंदांचं काय झालं? गर्दीचं काय झालं? माझी हमी लिहिली तर नंबर बारीक होतो आणि तुझी जाहिरात लिहिली तर होत नाही का?

व्हॉट्सअ‍ॅपवर पाच वेळा डिझाइन आलं-गेलं. निळा जरा गडद करा, पान्याचं चित्र डावीकडे सरकवा, ‘दुरुस्ती’तला दुसरा उकार ऱ्हस्व आहे तो दीर्घ करू नका. (हो, ते मीच सांगितलं. गाडीवर चुकीचं मराठी लिहून फिरणं मला जमत नाही.) पाचव्या वेळी मी लिहिलं, ‘चालेल, अगदी असंच करा.’ त्या पाचांपैकी एकातही ती पिवळी पट्टी नाही. सकाळपासून दहा वेळा उघडून, मोठं करून बघितलं. नाहीच. म्हणजे ही नजरचूक नाही. दाखवलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून दाखवलं नाही. हे मला जास्त लागलंय.

फोन केला. म्हणतो, “ताई, ते आम्ही सगळ्यांच्याच गाडीवर लावतो. आजवर कोणी काही बोललं नाही.” कोणी बोललं नाही, कारण लोकांना गाडी एकदाची कामावर काढायची घाई असते. दोन-तीन दिवस गाडी उभी, गिऱ्हाइकं तुंबलेली, त्यात कोण वाद घालत बसणार? तुम्ही त्या घाईचा फायदा घेता आणि त्याला संमती म्हणता.

वर म्हणतो, “छोटंसं तर आहे.” मी टेप घेऊन मोजलं. माझ्या नंबरचे आकडे तीन इंच. त्याच्या नंबरचे दोन इंच. त्याच्याच हिशोबाने वीस फुटांवरून सहज वाचता येईल असं. आणि माझा नंबर शांत गडद निळ्यात, त्याचा पिवळा-लाल. पांढऱ्या दारावर नजर आधी कुठे जाणार, हे त्याच्याइतकं दुसरं कोणाला कळत असेल?

दुपारी तेच झालं. एका बाईंनी गाडी उभी दिसली म्हणून नंबर लावला. खालचा लावला. पलीकडून सांगण्यात आलं, “इथे दुरुस्ती होत नाही.” त्या गाडीपाशीच भेटल्या म्हणून मला कळलं. विचारत होत्या, “तुम्ही काम बंद केलंत का हो?” ऐकून अंगाचा तिळपापड झाला. माझ्या गाडीवरचा नंबर फिरवल्यावर माझं काम होत नाही असं उत्तर मिळतं! ज्या मला भेटल्याच नाहीत, त्या किती?

आता सामानाचं. माझ्या अक्षरांसाठी कास्ट विनाइल, म्हणजे ओतून बनवलेली स्टिकरची चिकट प्लास्टिक फिल्म, ठरलं होतं, पैसेही त्याचेच घेतले. ते जेमतेम ५० मायक्रॉनचं, दाराच्या वळणावर आणि खाचेत नीट बसतं, आकसत नाही. आणि त्याची स्वतःची पट्टी? कॅलेंडर्ड विनाइलचा उरलेला तुकडा. ते रोलरमधून दाबून, ताणून काढलेलं असतं, म्हणून पुढे आकसतं. आकसलं की कडेने गोंदाची रेघ उघडी पडते, तिच्यावर धूळ बसते, आणि भोवती काळी चौकट दिसायला लागते. म्हणजे माझं काम नवंकोरं असताना त्याच्या खाली त्याची पट्टी मळकी होणार, आणि बघणारा म्हणणार, बाईंनी गाडी नीट ठेवलेली नाही.

हे मला पाठ आहे, कारण आधीच्या गाडीने सगळं शिकवलंय. ती निळी व्हॅन सहा वर्षं उन्हातान्हात उभी राहिली. तिच्यावरही त्या वेळच्या स्टिकरवाल्याने असाच आपला नंबर डकवला होता आणि मी ‘जाऊ दे’ म्हणाले होते. विकायला काढली तेव्हा हीट गनने गरम करून सगळं सोललं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने गोंद पुसला. तरी उघडा रंग उन्हाने फिकटलेला आणि स्टिकरखालचा तसाच गडद, त्यामुळे दाराच्या कोपऱ्यात त्याचा नंबर आकडा न् आकडा वाचता येत होता. गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाने तो वाचून दाखवला. सहा वर्षांत मी त्याच्या दुकानासाठी किती किलोमीटर फिरले असेन, त्याचा हिशोब कोण देणार?

भाऊ म्हणाला, “अगं, कारागिराने कामावर सही केली तर एवढं काय?” सहीला माझी कधीच ना नव्हती. हाताने अक्षरं रंगवणारे पेंटर कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं नाव टाकायचे. ते अक्षर त्यांच्या हातचं होतं, ते वळण दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं. शिंपी आपलं लेबल कॉलरच्या आत शिवतो. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांवर ‘बॉडी बाय फिशर’ अशी पट्टी असायची, ती दाराच्या उंबऱ्यावर. दार उघडल्यावर दिसेल, रस्त्याला नाही. सही अशी असते. सहीखाली मोबाइल नंबर नसतो, ‘कामे केली जातील’ नसतं. आणि हे डिझाइन तरी कोणाचं? पान्याचं चित्र माझ्या भाचीने काढलेलं, रंग मी निवडलेले, मजकूर माझा. त्याने कापलं आणि चिकटवलं. सफाईने चिकटवलं, मान्य आहे, आणि त्याचेच पैसे दिले.

आणि हा एकटाच आहे का? नवी गाडी घेतली की शोरूमवाला मागच्या काचेवर आपलं नाव चिकटवतो, नंबर प्लेटच्या चौकटीवर पुन्हा तेच. वेबसाइट करून घ्या, खाली करणाऱ्याचं नाव, त्यावर क्लिक केलं की माणूस माझ्या पानावरून थेट त्याच्या पानावर. व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर प्रेसचा नंबर. फोटोग्राफर पूर्ण पैसे घेतो आणि फोटोवर आडवं आपलं नाव टाकतो, तेही कोणाच्या तरी साडीच्या काठावर. नव्या भांड्याला बुडाशी स्टिकर चिकटवायचं सोडून बरोबर दर्शनी बाजूला चिकटवतात, आणि ते कधीही एका तुकड्यात निघत नाही. या सगळ्यांना आपण पैसे दिलेले असतात! विकत घेतलेली वस्तू आपली आहे, हे यांच्या डोक्यात शिरतच नाही.

विचारलं असतं तर? खरं सांगते, काम चांगलं होतं. “ताई, खाली कोपऱ्यात बारीक नाव टाकू का?” एवढं म्हणाला असता तर मी बहुतेक हो म्हटलं असतं. चार लोकांना स्वतःहून त्याचा नंबर दिला असता. दारावर माझ्या नावाखाली नाव लावायचं असेल, तर आधी दार वाजवायचं असतं.

“घेऊन या, दोन मिनिटांत काढून देतो,” म्हणाला. म्हणजे पुन्हा गाडी उभी ठेवा, पुन्हा कामं पुढे ढकला, त्याने केलेल्या आगाऊपणासाठी. नाही नेली. हेअर ड्रायर घेऊन स्वतः बसले. कोपरा गरम केला, नखाने उचलला, सावकाश मागे ओढत गेले. ब्लेड लावलं नाही, रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनचाच, एक ओरखडा पडला की कायमचा. पहिला शब्द सलग निघाला. दुसऱ्यापासून तुकडे पडायला लागले. एकेक आकडा वेगळा सोलावा लागला. त्याचा शेवटचा आठ निघेपर्यंत दिवे लागले होते, आणि नखाखाली पिवळा चुरा अजून आहे.

दार आता पुन्हा पांढरं आहे. तिथे ‘प्रत्येक कामाची लेखी हमी’ लागणार, दोन इंचांत, गडद निळ्यात, दुसऱ्याकडून. त्याला डिझाइन पाठवताना खाली लिहिलंय, ‘यापलीकडे गाडीवर एक अक्षरही लावायचं नाही, लावलं तर उरलेले पैसे मिळणार नाहीत.’ आणि गाडी मी सकाळी उजेडात ताब्यात घेणार आहे, मागच्या दारापासून सुरुवात करून.