वास घामाचा नसतो, तेलाचा असतो

कपाटातून काढताना टी-शर्ट अगदी स्वच्छ वाटतो. घालून दहा मिनिटं धावलं की काखेतून पुन्हा तोच कुबट वास. व्यायामाच्या कपड्यांबद्दल सर्वात जास्त तक्रार असते ती हीच. त्यावर बहुतेक घरांत तीन उपाय होतात: साबण वाढवायचा, सुगंधी कंडिशनर ओतायचं, नाहीतर कढत पाण्यात भिजवायचं. तिन्ही उपायांनी कपडा आणखी बिघडतो. चांगली लेगिंग, चांगली स्पोर्ट्स ब्रा अशा धुण्याने काही महिन्यांत वाया जाते आणि खापर मात्र कापडावर फुटतं, याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ताज्या घामाला जवळपास वास नसतो. घामासोबत त्वचेवरचं तेल आणि मृत पेशी कापडात जातात. त्यावर जीवाणू वाढतात आणि वास त्यांच्यामुळे येतो. सुती धागा पाणी पितो, त्यामुळे घाम धाग्याच्या आत शिरतो आणि धुताना बराचसा निघतो. व्यायामाच्या कपड्यांतला पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, पण तेलाला घट्ट धरून ठेवतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. २६ जणांनी टी-शर्ट घालून जोरदार सायकलिंग केलं, मग ते टी-शर्ट ठेवून त्यांचा वास तपासला. पॉलिस्टरच्या टी-शर्टांना सुतीपेक्षा जास्त घाण वास आला आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू चांगलेच माजलेले आढळले.

म्हणजे घालवायचं आहे ते तेल. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचतं.

कपड्याचं खरं नुकसान मशीनमध्ये जाण्याआधीच होतं. ओला टी-शर्ट चुरगळून बॅगेत, त्यात घामाचा टॉवेल आणि मोजे, वर चेन बंद. उबदार, दमट, अंधारी जागा. जीवाणूंना अजून काय हवं? व्यायाम झाल्यावर कपडे काढले की दोन मिनिटं नळाखाली साध्या पाण्यात खळबळा, काखेची आणि कमरेची बाजू हाताने चोळा, हलकेच दाबून पाणी काढा आणि दोरीवर टाका. धुणं दोन दिवसांनी लावलं तरी मग फारसं बिघडत नाही. खळबळणं जमणार नसेल तर निदान पसरून वाळू द्या. ओला कपडा धुण्याच्या टोपलीत टाकू नका.

आता धुणं. कपडा उलटा करा, कारण तेल आतल्या बाजूला बसलेलं असतं आणि बाहेरचा रंग, छापील अक्षरं घासली जात नाहीत. जाकिटाच्या चेन लावून घ्या, वेलक्रो चिकटवून ठेवा. वेलक्रोची टोकदार बाजू उघडी राहिली तर लेगिंगचे धागे ओढले जातात. स्पोर्ट्स ब्रा जाळीच्या पिशवीत. जीन्स आणि टॉवेल या धुण्यात नकोतच. जीन्सच्या घासण्याने तलम कापडावर बारीक गोळे येतात आणि टॉवेलचा कापूस पॉलिस्टरला असा चिकटतो की काढता काढता नाकी नऊ येतात.

पाणी ३० अंश, फार तर ४० अंश. म्हणजे हाताला कोमट. तेल सुटायला थोडी ऊब लागते, त्यामुळे अगदी गार पाण्यात कपडे नुसते ओले होतात. मळ फोडणारं एन्झाइम असलेलं लिक्विड डिटर्जंट घ्या. डब्यावर लायपेझ हे नाव दिसलं तर फारच छान, तेच चरबी फोडतं. एन्झाइमला वेळ लागतो, म्हणून झटपट १५ मिनिटांच्या धुलाईत त्याचा उपयोग होत नाही. हाताने धुणार असाल तर १० लिटरच्या बादलीत तीन-चार कपड्यांना दोन लहान चमचे, म्हणजे साधारण १० मिली, लिक्विड पुरतं. अर्धा तास भिजवा, मग हलक्या हाताने चोळा. मशीन अर्धं भरलेलं असेल तर दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली. लिक्विड दाट प्रकारचं असेल तर याहून कमी, पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर थोडं जास्त. मशीन ठासून भरू नका आणि शेवटी एक खळबळणं जास्तीचं लावा. ब्रश मारणं आणि वडी रगडणं मात्र बंद. ब्रशने तलम धागा तुटतो. वडी एकाच जागी जाड बसते आणि नीट निघत नाही.

साबण जास्त झाला तर काय होतं? पॉलिस्टर आणि इलॅस्टेन (ताणणारा धागा) यांचं विणकाम घट्ट असतं. जास्तीचा साबण खळबळून जात नाही, धाग्यांमध्ये बसून राहतो आणि सुटलेलं तेल, मळ पुन्हा तिथेच धरून ठेवतो. याची परीक्षा सोपी आहे. धुऊन वाळलेला टी-शर्ट कोमट साध्या पाण्यात टाका, साबणाचा थेंबही न घालता, आणि दोन-तीन मिनिटं चुबकवा. पाणी गढूळ झालं किंवा फेस आला तर तो मागच्या धुण्यांचा साबण आहे. पुढच्या वेळी माप निम्मं करा.

कंडिशनरबद्दल माझं मत पक्कं आहे: व्यायामाच्या कपड्यांना ते कधीच लावू नये. त्यातली रसायनं धाग्यावर स्निग्ध थर चढवतात. हाताला मऊ लागतो तो हाच थर. या कापडाचं काम घाम ओढून बाहेरच्या बाजूला पसरवणं, म्हणजे तो पटकन वाळतो. थर चढला की हे काम मंदावतं, घाम अंगाला चिकटून राहतो, आणि त्या थराखाली तेल आणि जीवाणू दडून बसतात. टी-शर्ट उलटा करून काखेजवळ पाण्याचा एक थेंब टाकून बघा. कापड घाम ओढणारं असेल आणि ठीक असेल तर थेंब लगेच पसरून ओला डाग दिसतो. तोच थेंब मण्यासारखा वर उभा राहिला, तर वर थर बसलाय. सुगंधामुळे वास दोन तास झाकला जातो, एवढंच. मशीनमध्ये टाकायचे सुगंधी दाणेही नकोत आणि ड्रायरमधल्या सुगंधी चादरी तर नकोतच.

वास आधीच मुरलेला असेल तर सोडियम परकार्बोनेट हे सर्वात भरवशाचं. ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर म्हणून मिळते ती हीच. पाण्यात पडल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. ४ लिटर कोमट पाण्यात, ४० अंशाच्या आसपास, एक मोठा चमचा आधी पूर्ण विरघळवा, मग कपडा उलटा करून बुडवा. एक ते दोन तास पुरे. नंतर नेहमीसारखं धुवा. रंग जाण्याची शंका असेल तर आतल्या शिवणीवर आधी करून बघा. हे पाणी बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते. लोकर आणि रेशमाला ही पावडर चालत नाही.

व्हिनेगरचं कौतुक मात्र गरजेपेक्षा जास्त होतं. जड पाण्याचे क्षार आणि मागे राहिलेला साबण ते काढतं, तेल काढत नाही. एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, अर्धा तास, आणि मग भरपूर खळबळणं, महिन्यातून एकदा ठीक. प्रत्येक धुण्यात ओतलं तर मशीनच्या रबरी भागांना त्रास होतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं छान, पण दोघंही एकमेकांना मारतात आणि खाऱ्या पाण्यापलीकडे हाती फारसं काही उरत नाही. व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तसंही क्लोरीनचं ब्लीच या कपड्यांच्या जवळ येऊ देऊ नये. लेगिंगला ताण देणारा इलॅस्टेनचा धागा पॉलियुरेथेनचा असतो. क्लोरीन, उष्णता आणि कडक ऊन तिन्ही त्याला खातात. लेगिंग उजेडासमोर धरून ताणा: कमरेच्या पट्टीजवळ तुटलेले बारीक पांढरे, चकचकीत केसासारखे धागे दिसले, कडा लाटेसारख्या वळल्या असल्या, तर इलॅस्टेन तुटायला लागलंय. हे परत जुळत नाही. म्हणून ड्रायर नको, लावलाच तर सर्वात कमी तापमानावर. वास असलेला कपडा ड्रायरमध्ये घालूच नका, उष्णतेने वास अजून पक्का होतो. पोहण्याचे कपडे तलावातून बाहेर आल्याबरोबर गोड्या पाण्यात खळबळा.

पिळे घालू नका. ओला कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला की पाणी टॉवेल घेतो. वाळवायचं सावलीत, वारा खेळेल अशा जागी. उन्हात दहा-पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही, पण दिवसभर नको.

मेरिनो लोकरीचे टी-शर्ट असतील तर नियम वेगळे: गार ते कोमट पाणी आणि लोकरीचं खास लिक्विड, तेही प्रोटिएझ नसलेलं, कारण ते एन्झाइम प्रथिनं फोडतं आणि लोकर प्रथिनंच आहे. लोकर वास मुळात कमी धरते, त्यामुळे ती रोज धुवायची गरज नसते.

एवढं करूनही सगळ्याच कपड्यांना, अगदी चादरींनाही, तोच कुबट वास येत असेल तर मशीन तपासा. दाराच्या रबराची घडी बोटाने उघडून आत बघा, तिथे काळपट बुळबुळीत थर असतो. तो फडक्याने पुसा, लिक्विडचा खण काढून धुवा, आणि महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्यावर चालवा. धुणं झालं की दार उघडं ठेवा.

स्पोर्ट्स ब्रा वाळत घालताना पट्ट्यांना चिमटा लावू नका. ओल्या कापडाचं वजन पट्ट्यांवर येऊन त्या लांबतात. मधल्या भागावरून दोरीवर घडी टाका किंवा सपाट पसरा. आणि खालची पट्टी सर्वात घट्ट हूकवरसुद्धा वर सरकायला लागली, तर धुण्याने ती परत आवळणार नाही. तिचं काम संपलंय, बदला.